मरियामातेच्या पायाखालचा पाइप

सेंट-ओदील
२२ फेब्रुवारी, रविवार, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर

प्रिय ओरोरताई,

तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. त्यातला एक आता धातूचा आहे, तेव्हा त्याला जरा जास्त मान. तू पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. वरची रांग वाटेतच गोठली होती, तिचा मुरंबा केला. खालची रांग रोज एक अशी खाते आणि तुझी आठवण काढते. तुझा रक्तदाब, तुमच्या लिफ्टमधली ती भांडकुदळ बाई आणि तुझ्या बाल्कनीत येऊन बसणारा लांब चोचीचा पक्षी, सगळी मंडळी ठीक असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य दोनदा वाच, कारण तू आणि रेनाल्ड माझ्या तब्येतीविषयी फोनवर काय बोलता ते मला कळतं. (कसं कळतं ते विचारू नकोस. तुझ्या भाच्याला बोलणं संपल्यावर फोन नीट बंद करता येत नाही.)

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहितेस की रोलांद, शहाणी हो, पोराचं ऐक, घर बंद कर आणि त्याच्या शहरातल्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला जा. तिथे भिंतीतून ऊब येते आणि नळाला बारा महिने गरम पाणी असतं. ताई, मी जाणार नाही. त्या इमारतीत मी एकदा जाऊन आले आहे. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत, आणि प्रत्येक दारावर प्लास्टिकच्या फुलांचा एकसारखा गुच्छ आहे, म्हातारी आपलं दार विसरली तरी काही बिघडू नये म्हणून. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. मठातल्या शाळेत असताना पहाटे हात धुवायच्या भांड्यातला बर्फ मुठीने फोडून मी तोंड धुतलेलं आहे, आणि तू माझ्या शेजारीच उभी राहून रडत होतीस. (रडत होतीस. सिस्टर क्लोतिल्दने तुला आपली लोकरी शाल दिली होती, मला दिली नव्हती. मी विसरलेली नाही.)

पण तुला अर्धवट बातम्या कळल्या आहेत, तेव्हा मी सगळं मुळापासून सांगते. नोव्हेंबरात रेनाल्ड आला आणि इथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने मला अट घातली. "आई, या हिवाळ्यात घरातलं पाणी एकदा जरी गोठलं ना, तरी मी येऊन सगळे पाइप रिकामे करणार, घराला कुलूप लावणार आणि तुला घेऊन जाणार. कबूल?" मी म्हटलं, कबूल. हात पुढे केला आणि चांगला दाबून मिळवला. मला कशाची भीती? त्रेचाळीस हिवाळे मी या घरात काढले, आणि एकदाही पाणी गोठलं नाही. (ज्या वर्षी गोठलं होतं त्या वर्षी मी बाळंतपणाला आईकडे होते, तेव्हा ते धरायचं नाही.)

तयारीत मी कसूर केली नाही. आर्माँ करायचा तसंच केलं. घराच्या पायाभोवती चारी बाजूंनी फरच्या झाडाच्या फांद्या रचल्या, वारा आत शिरू नये म्हणून. तळघरातल्या पाइपांवर विजेची गरम पट्टी गुंडाळली. पट्टी पुरली नाही तिथे आर्माँच्या लोकरी विजारी काढल्या. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, त्याच्या विजारी कुणाला द्यायचं मन होत नव्हतं, आणि ताई, पाय उसवले तर ते पाइपावर इतके बेताचे बसतात की जणू त्यासाठीच विणले होते. वर त्याचे पट्टे बांधले. तळघरातली घर तापवणारी भट्टी तपासायला माणूस आला तो दिवा न लावताच खाली उतरला आणि लगेच वर आला. म्हणाला, "बाई, खाली कोण उभं आहे?" मी म्हटलं, माझा नवरा. तो जरा वेळ खुर्चीवर बसला. मग मी त्याला कॉफी दिली आणि खुलासा केला.

रेनाल्डने मात्र स्वतःची तयारी वेगळी केली. त्याने भिंतीवर एक नवा थर्मोस्टॅट बसवला, जो घरातली ऊब मोजतो आणि ती शहरात बसलेल्या रेनाल्डच्या फोनला कळवतो. मी दोन पायमोजे घालून बसले आहे की एक, हेही तो सांगत असावा असा मला संशय आहे. तो बसवला कुठे, तर स्वयंपाकघरात, माझ्या लाकडाच्या चुलीसमोर. मग डिसेंबरात चर्चच्या जेवणासाठी मी कुट्टूच्या पिठाची दोनशे धिरडी करायला घेतली. चूल सकाळपासून धगधगत होती. थर्मोस्टॅटला वाटलं जुलै आला. त्याने भट्टी बंद केली आणि इकडे मी घामाघूम. दुपारी न्हाणीघराकडे गेले, त्या दाराशी टांगलेल्या पवित्र पाण्याच्या लहान भांड्यात बोट बुडवावं म्हटलं, तर बोट बुडेना! वर कागदासारखा बर्फ. मी तशीच धावले, चूल विझवली, खिडक्या उघडून थर्मोस्टॅटला गार केलं (उणे वीस अंशांत खिडक्या उघडणारी बाई तू पाहिली नसशील), तेव्हा कुठे त्याला अक्कल आली आणि भट्टी सुरू झाली. पाइप वाचले. तेवढ्यात रेनाल्डचा फोन. "आई, घर आधी एवढं तापलं आणि मग एकदम एवढं थंड कसं झालं? तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, मी बरी आहे, तुझं यंत्र आजारी आहे. त्या दिवसापासून माझा त्या पवित्र पाण्यावर विश्वास आहे, थर्मोस्टॅटवर नाही, आणि हे मी फादरनाही सांगितलं.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीच्या चार तारखेला सकाळी उठले, कॉफीसाठी नळ उघडला. नळाने एकदा घसा खाकरला आणि गप्प बसला. शून्याखाली बत्तीस अंश होते त्या दिवशी. मी सगळे नळ उघडून पाहिले, न्हाणीघरातला, वरचा, खालचा. कुठे थेंब नाही. तळघरात गेले. विजारी कोरड्या आणि उबदार. पाइप उबदार. पंप चालू, बिचारा गरगरतोय. म्हणजे घरात काहीच गोठलं नव्हतं आणि पाणी मात्र नव्हतं. तुला सांगते, मी तिथे पायरीवर बसले आणि पहिल्यांदा मला त्या प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ दिसला. दार नंबर चौदा, असं काहीतरी. मग मी उठले, कोट चढवला आणि शेजारी आल्सीदकडे गेले.

आल्सीद मिशो तुला आठवतो. तोच, शाळेत तुझ्या वेण्या बाकाला बांधणारा. आता ब्याहत्तरचा आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि गावात विहीर, पंप, भट्टी काहीही बिघडलं तर प्लंबरच्या आधी लोक त्याला बोलावतात. तो आला, तळघरात गेला नाहीच. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला, हात मागे बांधून, अंगणाकडे बघत. मग विचारलं, "रोलांद, तिथला बर्फ कुणी काढला?"

मी म्हटलं, रेनाल्डने. जानेवारीत आला होता दोन दिवस, बर्फ उडवायचं यंत्र घेऊन. किती गुणी पोरगा! दारापासून अंगणातल्या मरियामातेच्या मूर्तीपर्यंत आणि मरियामातेपासून विहिरीपर्यंत सगळं अंगण चाटूनपुसून स्वच्छ केलं, खालचं तपकिरी गवत दिसेपर्यंत, मी घसरून पडू नये म्हणून. मी त्याला दोनदा वाढलं.

आल्सीदने टोपी काढली आणि परत घातली. "अगं, गोधडी काढून घेतलीस तू त्याची."

"कुणाची?"

"पाइपाची. वर दोन हात बर्फ असला की खालची जमीन उबदार राहते. बर्फ काढला की थंडी सरळ खाली उतरते, पाच फुटांपर्यंत. आणि तिथे तर पाइप तीनच फुटांवर आहे."

तीन? सगळ्या गावात पाच फूट खोल पुरतात. तेव्हा त्याने सांगितलं. ज्या उन्हाळ्यात आर्माँने विहिरीपासून घरापर्यंत चर खणला, तेव्हा आल्सीद मदतीला होता. बरोब्बर मध्यावर खडक लागला. दोन दिवस घण मारले, खडकाला ओरखडा नाही. बटाट्यांची काढणी तोंडावर आलेली. शेवटी तिथे पाइप खडकावरून नेला आणि माती लोटली. आणि मग पुढच्या वर्षी आम्ही नवं न्हाणीघर केलं, तेव्हा जुना बाथटब आर्माँने उभा करून अर्धा जमिनीत गाडला, आतून निळा रंगवला आणि त्यात मरियामातेला उभं केलं, ते नेमकं त्याच जागी. मी तेव्हा विचारलं होतं, इथेच का? तर म्हणाला, इथली माती आधीच खणलेली आहे, सोपं जाईल. मी म्हटलं, काय हा आळशीपणा, देवाच्या आईसाठीसुद्धा.

ताई, आता मला जे समजलं ते तुलाच सांगू शकते. दर हिवाळ्यात बर्फ मरियामातेच्या गळ्यापर्यंत चढायचा आणि मला ते बघवायचं नाही. मी आर्माँच्या मागे लागायचे, काढ ना तिला. तर तो सरळ दारातून जायचा नाही. खांद्यावर लहान फावडं टाकून गोठ्यामागून लांबचा वळसा घालून जायचा, मागून टबाशी पोचायचा, हाताने तिच्या तोंडावरचा आणि छातीवरचा बर्फ तेवढा झाडायचा, आणि तसाच वळशाने परत यायचा. माझ्या सगळ्या घरभर गोठ्यामागची घाण. चाळीस वर्षं मी त्याला बोलले. वेड्यासारखा काय फिरतोस, समोर दिसतेय ना ती, दहा पावलांवर? तो म्हणायचा, "पाय मोकळे होतात." खडकाची गोष्ट त्याने कधी सांगितली नाही. कमी खोल पुरला हे मला कळलं असतं तर मी दर थंडीत काळजी करत बसले असते, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो चाळीस हिवाळे लांबून चालला, त्या बर्फावर पायसुद्धा न ठेवता. तो गेल्यावर दोन वर्षं मला फावडं झेपलं नाही, मरियामाता नाकापर्यंत बुडाली, मी खिडकीतून तिची क्षमा मागितली, आणि पाणी आलं. या वर्षी मी रेनाल्डला म्हटलं, बाळा, तिला मोकळी कर. त्याने केली.

(हो. मीच सांगितलं. वर मी तसं स्पष्ट लिहिलं नाही, कारण पत्र फाडून पुन्हा लिहायला कागद कमी आहे.)

प्लंबरला फोन केला, तर अर्धं खोरं गोठलेलं, त्याला तीन आठवडे वेळ नाही. मग आल्सीदने आपल्या घरातून साठ फुटांची लाल नळी काढली, कुंपणावरून माझ्या घरात आणली आणि तळघरात जोडून दिली. आता त्याच्या विहिरीचं पाणी माझ्या नळाला येतं. एकच नियम, पाणी थांबवायचं नाही, थांबलं की नळी गोठली. म्हणून माझा नळ दिवसरात्र वाहतो, पेन्सिलीएवढी धार. मी त्याच्याशी बोलते. घरात कुणीतरी सतत काहीतरी सांगतंय असं वाटतं, आणि मला ते फार आवडतं, हेही कबूल करते.

गावाला मात्र पांढऱ्या बर्फावर विधुराच्या घरातून विधवेच्या घरात गेलेली लाल नळी दिसली. यापुढचं तुला सांगायला नकोच. दुकानात दोघी बोलायच्या थांबल्या. फादरांनी प्रवचनात शेजारधर्मावर इतकं जपून सांगितलं की सगळ्या बाकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करून बसले. मिस्सानंतर एकीने फारच गोड आवाजात विचारलं, "रोलांद, तुझं आणि आल्सीदचं सगळं सुरळीत चाललंय ना?" मी म्हटलं, हो, अखंड वाहतंय, थांबलं तर पंचाईत. तिने क्रूसाची खूण केली.

रेनाल्डला मी सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. सिस्टर क्लोतिल्दने शिकवलं होतं की खोटं बोलणं पाप आहे, पण विचारलं नाही ते सांगायची सक्ती नाही. तो दर संध्याकाळी विचारायचा, "आई, पाणी ठीक आहे ना?" मी फोन नळाजवळ धरायचे. "ऐक," म्हणायचे. दोन आठवडे त्याने ऐकलं. मग परवाच्या बुधवारी, न सांगता, सकाळी दहाला त्याची गाडी दारात. त्याने नळी पाहिली. नळीच्या बाजूने चालत चालत आल्सीदच्या दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला, टोपी न घालता.

"आई, हे काय आहे?"

"नळी."

"अट आठवते?"

"आठवते. घरातलं पाणी गोठलं तर, असं तू म्हणालास. घरातला एक थेंब गोठलेला नाही. ये, विजारी दाखवते."

"आई, वकिली करू नकोस. बॅग भर."

मी म्हटलं, भरणार नाही. मी या खुर्चीवर बसले आहे, आणि तुला न्यायचंच असेल तर खुर्चीसकट उचल. तुझी पाठ कशी आहे ते मला माहीत आहे. तो लाल झाला, मी लाल झाले, नळ मध्ये बोलतच होता. एवढ्यात आल्सीद दारात आला, कुणी बोलावलं नसताना, बूट न झाडता. म्हणाला, "पोरा, भांडण नंतर कर. आधी खाली ये, तुझ्या बापाने काय लिहिलंय ते बघ."

पंपाच्या वरच्या तुळईवर, मी एक विजार बांधली होती तिच्या मागे, आर्माँचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. मी त्रेचाळीस वर्षांत तळघरातलं ते आकड्यांचं गिचमिड कधी वाचलं नव्हतं. मला वाटायचं मापं असतील. रेनाल्डने फोनचा दिवा धरला आणि मोठ्याने वाचलं. "विहिरीपासून एकतीस फूट, खडक. पाइप तीन फूट. वरचा बर्फ काढू नये, तुडवू नये. रोलांदला सांगू नये, झोपणार नाही." त्याखाली एकेका हिवाळ्याची एक बारीक रेघ, पाच-पाचांचे जुडगे करून. चाळीस रेघा.

माझं पोरगं, एवढं चाळिशी ओलांडलेलं, विजारीच्या पायाला धरून उभं राहिलं. मग म्हणालं, "आणि मीच काढला तो बर्फ." मी म्हटलं, मीच सांगितला होता काढायला. आल्सीद म्हणाला, "मग दोघे मिळून परत टाका." आणि ताई, आम्ही टाकला. तिघांनी. तेव्हापासून जेवायच्या वेळेपर्यंत, अंगणाच्या कडेचा सगळा बर्फ उचलून त्या पट्ट्यावर हलक्या हाताने पसरला, मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. मरियामाता परत गळ्यापर्यंत बुडाली. गेलेलं पाणी काही त्याने लगेच परत येत नाही, पण थंडी आणखी खाली उतरणार नाही. मग मी धिरडी केली आणि रेनाल्डने नऊ खाल्ली, शेवटच्या चारांवर तुझा संत्र्याचा मुरंबा.

तेव्हा, तुझ्या पत्राला हे माझं उत्तर आहे. मी घर सोडणार नाही. ज्या माणसाने चाळीस हिवाळे माझी झोप सांभाळली त्याचं घर मी एका गोठलेल्या पाइपापायी कुलूप लावून सोडून जाऊ? तू आणि रेनाल्ड मिळून कितीही फोन करा. मला कुणाची गरज नाही, कुणाची मदत नको, मी एकटी समर्थ आहे.

गुडघ्यांना जप. त्या लिफ्टमधल्या बाईला माझ्यातर्फे काहीही सांगू नकोस.

तुझी धाकटी, जिला शाल मिळाली नव्हती,
रोलांद

ता. क. रेनाल्डने जाताना अट बदलली आहे. एप्रिलअखेर नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत मी इथे राहू शकते, पण एकटी नाही. घरात दुसरं माणूस हवं. मी क्षणभरही न थांबता तुझं नाव सांगितलं. त्याने तीन मार्चचं, मंगळवारचं विमानाचं तिकीट काढलं आहे, खिडकीजवळची जागा. तुला विचारायला वेळ नव्हता.

ता. क. २. वर मी "कुणाची गरज नाही" असं लिहिलं आहे ते पाहुण्यांविषयी. बहिणीविषयी नाही. तू आर्माँच्या अंत्यविधीनंतर आली नाहीस, ताई. ये. तुझ्या पलंगाशी मी विजेची शेगडी ठेवली आहे आणि आपल्या वयाला शोभणार नाहीत एवढ्या गोधड्या.

ता. क. ३. हे फक्त तुला. गुरुवारी आल्सीदने मला मागणी घातली, नळी तपासायला आला असताना, कुंपणावरून. मी म्हटलं, आल्सीद, मी तुझ्या विहिरीचं पाणी पिते आहे, या परिस्थितीत मला मोकळ्या मनाने उत्तर देता येणार नाही; माझ्या स्वतःच्या नळाला माझं पाणी आलं की विचार. तो म्हणाला, रास्त आहे. तेव्हापासून तो नळीची फारच काळजी घेतो, दिवसातून चार वेळा बघून जातो, आणि प्लंबरला फोन करायचा मात्र रोज विसरतो. मीही आठवण करून देत नाही. तेव्हा तू आलीस की कोट काढायच्या आधी प्लंबरला फोन कर, किंवा करू नकोस; पण काय ते तूच ठरव, मला ठरवता येत नाही.